जुन्या संगणकातला मोडेम बदलताना

मोडेम गेला म्हणून नवं कार्ड शोधायला निघालेल्यांपैकी बऱ्याच जणांचा मोडेम मुळात गेलेलाच नसतो. भिंतीवरच्या डबीतला जोड गंजलेला असतो, वायर चुकीच्या सॉकेटमध्ये असते, नाहीतर विंडोज नव्यानं टाकल्यावर ड्रायव्हर टाकायचा राहून गेलेला असतो. म्हणून हा लेख कॅबिनेट उघडण्यापासून सुरू होत नाही. तो फोनच्या तारेपासून सुरू होतो.

ज्यांनी पेंटियम टू, थ्री किंवा फोरच्या काळातला संगणक अजून चालता ठेवला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. असे संगणक आजही काही घरांत आहेत. कुणाचं जुनं डीटीपीचं काम त्यात अडकलेलं असतं, कुणाला त्यावरून फॅक्स पाठवायचा असतो, कुणाला ते यंत्र जसं होतं तसं, सगळ्या भागांसह चालू ठेवायचं असतं. या तिन्ही कारणांचा मला आदर आहे. फक्त अपेक्षा आधीच स्पष्ट असाव्यात. डायल-अप इंटरनेटचे दिवस संपले. अमेरिकेतल्या एओएलनंही आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली. आणि अशी सेवा मिळाली, तरी विंडोज ९८ मधल्या ब्राउझरला आजच्या बहुतेक वेबसाइट उघडताच येत नाहीत. आज चांगला मोडेम उपयोगी पडतो तो फॅक्ससाठी आणि एका संगणकानं दुसऱ्याला थेट फोन लावून फायली पाठवण्यासाठी. सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या इंटरकॉमवरही दोन मोडेम एकमेकांशी बोलू शकतात. मात्र असा थेट जोडलेला वेग ३३.६ केबीपीएसच्या वर जात नाही. कार्डावर लिहिलेला ५६ चा आकडा गाठायचा तर पलीकडचं टोक थेट डिजिटल लाइनवर असावं लागतं आणि ती सोय इंटरनेट कंपन्यांकडेच होती.

आता तपासणी. मोडेममधली वायर काढा आणि तीच वायर एका साध्या फोनला लावा. डायल टोन स्वच्छ येतो का ते ऐका. खरखर, गुणगुण किंवा मागे कुणाचं बोलणं ऐकू येत असेल तर दोष लाइनमध्ये आहे. पावसाळ्यात बाहेरच्या डब्यातले जोड ओलावतात आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. बोलायला अशी लाइन कशीबशी चालते, मोडेमला चालत नाही. टोन स्वच्छ असेल तर घरातले समांतर जोडलेले इतर फोन काढून पुन्हा बघा. त्यातल्या एखाद्याचा रिसीव्हर नीट ठेवलेला नसला तरी मोडेम अडतो.

मग मोडेमच्या मागची दोन सॉकेट बघा. एकावर ‘लाइन’ आणि दुसऱ्यावर ‘फोन’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं, किंवा भिंतीतल्या सॉकेटचं आणि फोनचं छोटं चित्र असतं. भिंतीकडून येणारी वायर ‘लाइन’मध्येच हवी. साफसफाईनंतर ही अदलाबदल हमखास होते.

यानंतर मोडेमलाच विचारायचं. विंडोज ९८ मध्ये कंट्रोल पॅनेलमधलं ‘मोडेम्स’ उघडा, ‘डायग्नोस्टिक्स’मध्ये जा, पोर्ट निवडा आणि ‘मोअर इन्फो’वर क्लिक करा. एक्सपीमध्ये हीच सोय ‘फोन अँड मोडेम ऑप्शन्स’मध्ये मोडेमच्या प्रॉपर्टीजखाली ‘क्वेरी मोडेम’ या नावानं आहे. उत्तरांची यादी आली तर कार्ड संगणकाशी बोलतंय. काहीच आलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये मोडेमच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह आहे का ते पाहा. ते असेल तर ड्रायव्हर किंवा पोर्टची भानगड असण्याची शक्यता जास्त. मोडेमचं नावच नसेल, तर कार्ड स्लॉटमध्ये सैल असेल किंवा खरंच मेलेलं असेल.

डायल करताना येणाऱ्या चुकांचे क्रमांकही बरंच सांगतात. ६८० म्हणजे डायल टोन सापडत नाही, ६७६ म्हणजे पलीकडची लाइन व्यस्त आहे, ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला, ६३३ म्हणजे पोर्ट दुसऱ्या कुणीतरी अडवलं आहे किंवा ते नीट मांडलेलं नाही. ६९२ मात्र हार्डवेअरकडे बोट दाखवतो. यातला ६८० सगळ्यांत फसवा. आपल्याकडचा डायल टोन अमेरिकेतल्या टोनपेक्षा वेगळा आहे आणि अनेक कार्डं तिकडचा टोन गृहीत धरून बनलेली आहेत. त्यामुळे फोनमध्ये टोन ऐकू येतो, पण मोडेमला तो ओळखता येत नाही. उपाय सोपा आहे. डायलिंगच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडा आणि ‘डायल टोनची वाट पाहा’ या अर्थाच्या पर्यायावरची खूण काढून टाका. हाच परिणाम जादा आज्ञांच्या चौकटीत इंग्रजी एक्स आणि त्यापुढे तीनचा आकडा टाकूनही मिळतो. मोडेम मग टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो, पण लाइन व्यस्त असल्याचं त्याला कळत राहतं. एवढ्यावर कितीतरी ‘मेलेले’ मोडेम उठून बसतात.

खरोखर मेलेल्या मोडेमची एक ठरलेली खूण आहे. तो आज्ञांना नीट उत्तरं देतो, डिव्हाइस मॅनेजरमध्ये निरोगी दिसतो, पण टोनची वाट पाहायची खूण काढूनही लाइनवर त्याचा आवाज जात नाही. याचा अर्थ संगणकाकडचा अर्धा भाग जिवंत आहे आणि टेलिफोनकडचा जळला आहे. हे काम बहुतेक वेळा विजेचं असतं. वीज पडते दूर कुठेतरी, पण मैलभर लांब तारेत तिचा झटका उतरतो आणि थेट कार्डापर्यंत येतो. कार्ड बाहेर काढल्यावर सॉकेटजवळचा एखादा छोटा भाग काळा पडलेला किंवा फुटलेला दिसला, जळका वास आला, तर शंका उरत नाही. असं कार्ड दुरुस्त करत बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. झटक्यानं आणखी काय अर्धमेलं झालंय ते कळत नाही आणि तीच तार पुन्हा मदरबोर्डला जोडणं धोक्याचं आहे.

आयएसए कार्ड असेल तर बदलण्याआधी आणखी एक गोष्ट बघा. त्यावरचे जंपर पोर्ट आणि इंटरप्ट ठरवतात. कॉम १ आणि कॉम ३ यांचा इंटरप्ट ४ असतो, कॉम २ आणि कॉम ४ यांचा ३. जुना सीरियल माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर असेल तर मोडेम चालू होताच माउस गोठतो. हा बिघाड नव्हे, जंपर हलवला की मिटतो.

आता निवड. इथे घाई केली तर पुढचं सगळं फसतं. कॅबिनेटच्या आत मोकळे स्लॉट कोणते आहेत ते पाहा. लांब काळा स्लॉट, सुमारे १४ सेंटीमीटरचा, तो आयएसए. त्याहून आखूड, साधारण साडेआठ सेंटीमीटरचा आणि बहुधा पांढरा, तो पीसीआय. कडेला मागे सरकवलेला तपकिरी स्लॉट ग्राफिक्स कार्डाचा एजीपी असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. काही मदरबोर्डांवर अगदी चिमुकला स्लॉट असतो, एएमआर किंवा सीएनआर नावाचा, आणि मोडेम त्यात बसवलेला असतो. त्याच जातीचं कार्ड शोधत हिंडू नका. ती कार्डं त्या-त्या मदरबोर्डाशी बांधलेली असतात. सरळ पीसीआय घ्या. अलीकडच्या संगणकातल्या पीसीआय एक्स्प्रेसचं कार्ड मात्र जुन्या पीसीआयमध्ये बसत नाही, नाव सारखं वाटलं तरी.

स्लॉट जुळला म्हणजे काम झालं असं नाही. अंतर्गत मोडेमचे दोन स्वभाव आहेत. एका प्रकारात मोडेमचं सगळं काम कार्डावरच्याच चिप करतात. दुसऱ्यात कार्डावर जेमतेम एक मोठी चिप असते आणि आवाजाचं डेटात रूपांतर करण्याचं बरंचसं काम ड्रायव्हरमार्फत संगणकाच्या प्रोसेसरवर टाकलेलं असतं. यांना सॉफ्ट मोडेम किंवा विनमोडेम म्हणतात. १९९८ साली ५६ केबीपीएससाठी व्ही.९० हे समान मानक आलं, मोडेम स्वस्त झाले, आणि घरगुती असेंबल्ड संगणकांत सर्रास बसली ती हीच दुसऱ्या प्रकारची कार्डं. पीसीटेल, कोनेक्झंट, ल्युसंट, मोटोरोला, स्मार्ट लिंक यांच्या चिप त्यांवर सापडतात. चालतात नीट, पण अटी आहेत. विंडोज हवं, साधारण २०० मेगाहर्ट्झच्या वरचा प्रोसेसर हवा आणि नेमका त्याच चिपचा ड्रायव्हर हवा. डॉसमध्ये ती निरुपयोगी. लिनक्समध्ये काही चिपांसाठी ड्रायव्हर लिहिले गेले, तेही सगळ्यांसाठी नाहीत. पहिल्या प्रकारचं कार्ड, उदाहरणार्थ यूएस रोबोटिक्सचं ५६१० हे पीसीआय मोडेम, विंडोजमधल्या तयार ‘स्टँडर्ड मोडेम’ ड्रायव्हरवरही बोलतं. असं कार्ड हाती लागलं तर दोन पैसे जास्त द्या.

अंतर्गत मोडेमचा हट्ट नसेल तर त्याहूनही चांगली वाट आहे. नऊ पिनांच्या सीरियल पोर्टला लागणारा बाहेरचा मोडेम घ्या. कॅबिनेट उघडायला नको, ड्रायव्हर जवळजवळ लागत नाही, पुढचे दिवे बघून काय चाललंय ते कळतं, आणि विजेचा झटका आला तर आधी तो डबा जातो, मदरबोर्ड वाचण्याची आशा राहते. फार जुन्या, ४८६ च्या काळातल्या संगणकात मात्र पोर्टाची चिप १६५५० जातीची आहे का ते बघून घ्या. त्याआधीच्या चिपमध्ये येणारा डेटा थोपवून धरायला जागा नाही, त्यामुळे वेगवान मोडेमची अक्षरं गळतात.

कार्ड नवं मिळणं आता अवघड आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, गावोगावच्या संगणक दुरुस्तीवाल्यांच्या खोक्यांत वापरलेली कार्डं सापडू शकतात. घेताना चिपवरचं नाव आणि क्रमांक, तसंच कार्डावर छापलेला एफसीसी आयडी यांचा मोबाइलवर फोटो काढा. खोक्यावरचं किंवा स्टिकरवरचं नाव फारसं कामाचं नसतं, एकाच चिपची कार्डं अनेक नावांनी विकली गेली. ड्रायव्हर चिपवरून शोधायचा.

आणि तो सापडल्याशिवाय जुन्या कार्डाचा स्क्रू काढायचा नाही. या सगळ्या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच. ड्रायव्हर नसलेला सॉफ्ट मोडेम म्हणजे नुसता हिरवा पत्रा. दुसऱ्या संगणकावरून ड्रायव्हर उतरवून घ्या आणि आपल्या विंडोजच्या आवृत्तीचाच आहे याची खात्री करा. ९८ चा आणि एक्सपीचा ड्रायव्हर वेगळा असतो. एक्सपीत अनेक मोडेमांचे ड्रायव्हर आधीच असतात, तिथे काम सोपं होतं. ९८ ला पेनड्राइव्ह आपोआप ओळखता येत नाही, तेव्हा ड्रायव्हर सीडीवर लिहा, ती जुन्या संगणकात घाला आणि सगळं हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा. विंडोज ९८ ची मूळ सीडीही जवळ असू द्या, ते मध्येच ती मागतं.

जुन्या मोडेमचं सेटिंग कागदावर उतरवा. डिव्हाइस मॅनेजरमधून तो ‘रिमूव्ह’ करा, ‘अ‍ॅड/रिमूव्ह प्रोग्राम्स’मध्ये त्याचं सॉफ्टवेअर असेल तर तेही काढा. दोन सॉफ्ट मोडेमांचे ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. मग संगणक बंद करा.

आता कॅबिनेट. आधी फोनची वायर काढा. लाइनवर एरवी ४८ व्होल्ट डीसी असतो आणि घंटी वाजते तेव्हा ७५ व्होल्टच्या आसपास एसी, हात कार्डावर असताना त्याचा चटका चांगलाच जाणवतो. मग वीजपुरवठ्याची पिन भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. एटीएक्स संगणक बंद असतानाही मदरबोर्डावर पाच व्होल्ट जिवंत असतात. पिन काढल्यावर संगणकाचं पॉवर बटण एकदा दाबा, उरलासुरला भार निघून जातो. सिंथेटिक गालिच्यावर किंवा नायलॉनचे कपडे घालून हे काम करू नका. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज लवकर साठते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावून ती उतरवा आणि मधूनमधून पुन्हा लावत राहा.

बाजूचं झाकण काढताना बोटं सांभाळा, स्वस्त कॅबिनेटच्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात. आतला फोटो काढून ठेवा. धूळ मऊ ब्रशनं झाडा. ब्लोअर वापरत असाल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, वाऱ्यानं भरधाव फिरू देऊ नका. मोडेमपासून साउंड कार्डाकडे जाणारी एखादी बारीक वायर असेल तर ती कुठून कुठे जाते ते लक्षात ठेवा. मग मागच्या पट्टीचा स्क्रू काढा आणि कार्ड दोन्ही टोकांना धरून सरळ वर ओढा. अडलं तर लांबीच्या दिशेनं आळीपाळीनं एकेक टोक किंचित उचला. डावी-उजवीकडे हलवलं तर स्लॉट फाटतो.

वापरलेल्या कार्डाची सोनेरी कड काळपट असेल तर ती साध्या पांढऱ्या खोडरबरानं हलकेच पुसा, मग कोरड्या सुती कापडानं कण झाडा. पाणी किंवा थुंकी नाही. जुन्या मोडेमच्याच स्लॉटमध्ये नवं कार्ड बसवणं सोयीचं, पण तिथे काळे डाग दिसले तर स्लॉट बदला. एजीपीला लागून असलेला पहिला पीसीआय स्लॉट शक्यतो टाळा, त्याचा इंटरप्ट बहुधा ग्राफिक्स कार्डाशी सामाईक असतो.

कार्ड सरळ धरून दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्या. सोनेरी कड पूर्ण आत गेली पाहिजे. मग स्क्रू, आणि इथे नीट बघा. पट्टी कॅबिनेटशी तंतोतंत जुळत नसेल तर स्क्रू आवळताना कार्डाचं मागचं टोक उचललं जातं. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि मोडेम सापडत नाही. तसं होत असेल तर स्क्रू थोडा सैल ठेवा किंवा पट्टी चिमट्यानं किंचित वाकवून घ्या.

झाकण लावू नका. आत काही विसरलेलं नाही हे बघून वीजपुरवठा जोडा आणि संगणक सुरू करा. विंडोज नवं हार्डवेअर सापडल्याचं सांगेल. ड्रायव्हर आपोआप शोधायला न लावता आपण कॉपी केलेल्या फोल्डरचा पत्ता द्या. काही ड्रायव्हरांना त्यांचा सेटअप आधी चालवलेला लागतो, सोबतची रीडमी फाइल त्यासाठीच वाचायची.

परीक्षेसाठी कुठल्याही इंटरनेट कंपनीची गरज नाही. विंडोज ९८ आणि एक्सपीत हायपरटर्मिनल नावाचा छोटा प्रोग्राम मिळतो. त्यात नवा मोडेम निवडून इंग्रजी ए आणि टी ही अक्षरं टाइप करून एंटर दाबा. ‘ओके’ आलं की अर्धं काम झालं. मग फोनची वायर जोडा, ए-टी-डी-टी ही चार अक्षरं आणि त्यांना लागून आपला मोबाइल नंबर, लागतील ते आधीचे आकडे घालून टाइप करा. मोबाइल वाजला म्हणजे मोडेमचा आवाज लाइनवर जातोय. नंबर लागत नसेल आणि एक्स्चेंज किंवा इंटरकॉम जुनं असेल तर शेवटच्या टी ऐवजी पी घालून पल्स पद्धतीनं बघा. आता उलट, मोबाइलवरून लँडलाइनला फोन लावा. पडद्यावर ‘रिंग’ उमटलं की येणारी बाजूही ठीक आहे. दोन संगणक जोडायचे असतील तर याच क्षणी दुसरीकडे ए-टी-ए टाइप करायचं, तो फोन उचलतो.

पूर्वीची डायल-अप जोडणी किंवा फॅक्सचा प्रोग्राम आधी बसवलेला असेल तर त्यात अजून जुन्याच मोडेमचं नाव असतं. ते बदलून नवं निवडा. सगळं जमून आल्यावरही ‘चालत नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांचं अनेकदा इथेच अडलेलं असतं.

घरात तांब्याच्या तारेऐवजी फायबर आलं असेल आणि फोन फायबरच्या डब्याच्या सॉकेटला जोडलेला असेल, तर मोडेम तिथेही टोन ऐकेल आणि नंबर फिरवेल. पण पलीकडे आवाजाचे तुकडे करून तो इंटरनेटसारखा पाठवला जातो, त्यात मोडेमच्या आवाजाचं गणित बिघडतं आणि जोडणी मध्येच तुटते. फॅक्स पाठवायचा असेल तर प्रोग्राममध्ये वेग ९६०० वर आणा, मग पानं जाण्याची शक्यता बरीच वाढते. वेगवान डेटाच्या मागे तिथे लागू नका.

विजेबद्दल शेवटचं. महाराष्ट्रात मेघगर्जना जास्त होते ती एप्रिल ते जूनच्या वळवाच्या पावसात आणि पुन्हा ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. फोनच्या लाइनवर बसवायचे सर्ज प्रोटेक्टर मिळतात, पण ते झटका जमिनीत सोडतात, आणि घराचं अर्थिंगच धड नसेल तर सोडणार कुठे? म्हणून आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. प्रोटेक्टर असला तरी ढग गडगडू लागले की मोडेममधली वायर हातानं काढून ठेवा, आणि संगणकाची विजेची पिनही. काम झालं की फोनची वायर रोजच काढून ठेवली तर उत्तम, कारण आपण घरी नसतानाही पाऊस येतो.

जळलेलं कार्ड कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. त्याची मागची पट्टी आणि स्क्रू मात्र काढून ठेवा. नव्या कार्डाचा ड्रायव्हर एका सीडीवर लिहा, वर चिपचं नाव आणि विंडोजची आवृत्ती मार्करनं लिहा आणि ती सीडी कागदी पाकिटात घालून कॅबिनेटच्या बाहेरच्या अंगाला चिकटवा. हार्ड डिस्क बदलेल त्या दिवशी ती शोधावी लागणार नाही.